टेक्सासात पिस्तूल विकायचंय. कायदा काही विचारत नाही, मग आपण विचारावं का?

कॅटीकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, पण इथे अमेरिकावाले बरेच आहेत म्हणून टाकतोय.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. २०२० च्या उन्हाळ्यात जो तो बंदूक घेत होता, तेव्हा मीही एक नऊ एमएम पिस्तूल घेतलं. दुकानातून, रीतसर फॉर्म ४४७३ (घेणाऱ्याने भरायचा संघीय फॉर्म) भरून. आता घरात रांगतं पोर आहे आणि बायकोचं म्हणणं एकच, ही वस्तू घरात नको. मलाही ते पटलंय.

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीतून गिऱ्हाईक आलंय. रोख देतो म्हणतो, दुकानदार जे टेकवेल त्यापेक्षा बरेच जास्त. मी कायदा चाळला तर गंमतच. टेक्सासच्या दोन रहिवाशांनी आपापसात व्यवहार केला तर परवाना नको, बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी) नको, पावतीसुद्धा नको. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये भेटा, पैसे मोजून घ्या, घरी जा. या घरातला जुना सोफा विकतानाही माझ्याकडून जास्त कागद झाले होते.

खरंच इतकं मोकळं आहे का? आणि असलं तरी करावं का? 'तुमच्या अमेरिकेत' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

जुना पापी | शनिवार, रात्री ११.०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हलकेच घ्या.

कलम_बहाद्दर | रविवार, सकाळी ७.५०

मोकळं आहे, पण वाटतं तितकं नाही. मी वकील नाही, बंदुकीच्या दुकानांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यामुळे हे कायदे वाचणं नशिबी आलं.

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार बंदुका विकण्याचा धंदा करणाऱ्याला संघीय परवाना लागतो. त्या परवान्याला आणि तो असलेल्या दुकानदारालाही सगळे एफएफएल म्हणतात. घरातली एखादी बंदूक विकणारा धंदेवाईक नाही, म्हणून तो या जाळ्याबाहेर. पुढे १९९३ चा ब्रेडी कायदा आला. जेम्स ब्रेडी म्हणजे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे प्रेस सेक्रेटरी, १९८१ च्या हल्ल्यात त्यांच्या डोक्यात गोळी लागली होती. त्या कायद्याने चेक आणला, पण तोही फक्त परवानाधारकांवर. एफबीआयची एनआयसीएस ही तपासणी यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. गन शोमध्येही, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनातही, परवानाधारक दुकानदाराला चेक करावाच लागतो, शेजारच्या टेबलावरच्या हौशी माणसाला नाही. सगळा फरक विकणारा कोण यावर, विक्री कुठे झाली यावर नाही.

धंदा कशाला म्हणायचं यावर मात्र पन्नास वर्षं मारामारी चालू आहे. १९८६ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) व्याख्या सैल केली: 'उपजीविका आणि नफा' हा मुख्य हेतू असेल तरच धंदा. २०२२ च्या कायद्याने त्यातली उपजीविका काढली, 'मुख्यत्वे नफा' एवढंच ठेवलं. तू एकच पिस्तूल विकतोयस, तेही तोट्यात, तेव्हा तुला हे लागू नाही.

तुला लागू आहे ते असं. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट विकता येत नाही. अठराच्या आतल्याला पिस्तूल देता येत नाही. आणि समोरच्याला बंदूक बाळगायला मनाई आहे हे तुला माहीत असेल, किंवा तसं मानायला वाजवी कारण असेल, तर विकणं हा संघीय गुन्हा आहे. मनाईच्या यादीत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेले, कोर्टाचा संरक्षण आदेश अंगावर असलेले आणि नशेचे पदार्थ घेणारे येतात. गांजा राज्यात चालत असला तरी संघीय कायद्याला चालत नाही.

आणि एक गट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसतो. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरची माणसं. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, सगळी. शिकारीचा वैध परवाना काढला असेल तर सूट आहे, नाहीतर नाही. ग्रीन कार्डवाल्याला हरकत नाही.

तर तुझं ते गिऱ्हाईक कुठल्या व्हिसावर आहे?

कॅटीकर | रविवार, सकाळी ९.२०

बापरे. तो हैदराबादचा आहे, तीनेक वर्षांपूर्वी इकडे आला एवढंच माहीत. विचारायला हवं.

जुना पापी | रविवार, सकाळी ९.२४

तीन वर्षांत ग्रीन कार्ड? भारतीय रांगेत? मग पिस्तूल राहू दे, त्याच्या वकिलाचा नंबर घे आधी.

केळफूल | रविवार, दुपारी १२.१०

पापींच्या विनोदातच सगळी गोम आहे. काल रात्रीपर्यंत कॅटीकरांना व्हिसाचं माहीत नव्हतं, म्हणजे विकलं असतं तर ते निर्धास्त. आज कलमरावांनी विचारलं, त्यांना शंका आली, आणि 'वाजवी कारण' सुरू झालं. म्हणजे या कायद्यात जो प्रश्न विचारतो तो अडकतो आणि जो डोळे मिटून पैसे मोजतो तो सुटतो. न विचारण्याचं असं बक्षीस देणारा दुसरा कायदा मला तरी आठवत नाही.

म्हणून 'कायदेशीर आहे ना, मग झालं' हे उत्तर इथे पुरत नाही. चुकीच्या हातात बंदूक देऊ नये हे कायद्यालाही मान्य आहे. हात चुकीचा आहे की नाही हे बघायचं साधन तेवढं तो देत नाही.

रानवारा | रविवार, दुपारी १.४५

आता दुसरी बाजू. आयडाहोत राहतो, दर शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जातो, घरात बंदुका आहेत.

गेल्या वर्षी शेजाऱ्याला एक रायफल विकली. तो माझ्या मुलाचा बेसबॉल कोच. त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला मी होतो. त्याचा चेक मी कशाला करू? सर्वांना सक्तीचा चेक म्हणजे अशा माणसाबरोबर तासभर गाडी हाकत एफएफएलकडे जायचं आणि त्याची फी भरायची. खेड्यात हे जाचक होतं, न्यू जर्सीत बसून कळत नाही.

दुसरं, गुन्हेगार असे येत नाहीत. न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांच्यापैकी गन शोमधून घेतलेले ०.८ टक्के. एक टक्कासुद्धा नाही! ४३ टक्क्यांनी रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून घेतली होती. तो बाजार चेक करणार आहे का?

आणि सक्तीचा चेक पाळला जातोय हे बघायचं तर कुणाकडे कुठली बंदूक आहे याची यादी लागणार. ती यादी सरकारच्या हाती नको, म्हणून तर १९८६ च्या कायद्याने तिला बंदी घातली. ही भीती तुम्हाला वेडेपणा वाटेल, इथे तो विचार करून घेतलेला निर्णय आहे.

स्वाती_जर्सी | रविवार, दुपारी २.३०

न्यू जर्सीत बसून आम्हाला बरंच कळतं हो. आमच्याकडे पिस्तुलासाठी आधी पोलिसांकडून परवानगी काढावी लागते, आणि खाजगी विक्रीही दुकानातूनच करावी लागते. तरी गुन्ह्यांत सापडणाऱ्या बंदुका दक्षिणेतून आय-९५ हायवेने वर येतात. त्या रस्त्याला इथले पोलीस 'आयर्न पाइपलाइन' म्हणतात. शिकागोचंही तेच. त्यांच्या २०१७ च्या अहवालात गुन्ह्यातल्या निम्म्याहून अधिक बंदुका इलिनॉयबाहेरच्या होत्या, आणि एकट्या इंडियानातून आलेल्या पाचातली एक. तुमच्या शेजाऱ्याच्या सोयीची किंमत दुसऱ्या राज्यातलं कुणीतरी मोजतंय.

डेटाखोर | रविवार, दुपारी ४.००

रानवारा, आकडा बरोबर आहे, पण तो अर्धाच वाचलात.

त्याच पाहणीत साधारण चौथा हिस्सा लोकांनी बंदूक नातेवाईक किंवा मित्राकडून मिळवली होती. तेही खाजगी हस्तांतरणच, फक्त गन शोच्या तंबूत झालेलं नाही. आणि रस्त्यावरच्या बाजारातली बंदूक बहुतेक वेळा कधीतरी एखाद्या दुकानातून कायदेशीर विकली गेलेली असते. दुकान ते रस्ता हा प्रवास चोरीने, दुसऱ्याच्या नावावर खरेदी करून किंवा अशाच बिनकागदी विक्रीने होतो. गन शोचा ०.८ टक्का बघून खाजगी विक्रीला क्लीन चिट देता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही चिमटा. 'चाळीस टक्के बंदुका चेकशिवाय विकल्या जातात' हे वाक्य वर्षानुवर्षं भाषणांत फिरलं, ते १९९४ च्या एका छोट्या पाहणीवर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या पाहणीत हा आकडा २२ टक्के निघाला. फक्त खाजगी विक्री बघितली तर निम्म्या व्यवहारांत चेक नव्हता.

आणि सगळ्यांना खटकेल असं आणखी एक. कॅलिफोर्नियात १९९१ पासून खाजगी विक्रीही दुकानातूनच होते. तिथल्या संशोधकांनी पुढची दहा वर्षं तपासली, तर खून आणि आत्महत्यांच्या आकड्यांत त्या कायद्यामुळे पडलेला फरक दिसला नाही. उलट मिझुरीने २००७ मध्ये खरेदीपूर्व परवान्याची पद्धत रद्द केली, तर जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना बंदुकीने होणारे खून वाढलेले आढळले. म्हणजे नुसता काउंटरवरचा चेक कमी पडतो, आधी अर्ज करून माणूस तपासायला लावणारी पद्धत जास्त काम करते, असा माझा निष्कर्ष. माझे वैयक्तिक मत.

केळफूल | रविवार, सायंकाळी ५.१५

आकडे मान्य. पण कोलंबाइन शाळेतला गोळीबार आठवतोय का? १९९९. त्या दोन मुलांच्या चारपैकी तीन बंदुका गन शोमधल्या खाजगी विक्रेत्यांकडून आल्या होत्या. मुलं सतरा वर्षांची, म्हणून अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीला सोबत नेलं होतं. चेक असता तर आपण त्या घेतल्या नसत्या, असं तिने नंतर कोलोरॅडोच्या विधिमंडळ समितीसमोर सांगितलं. तिच्यावर खटला झाला नाही, कारण तिने कुठला कायदा मोडलाच नव्हता. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी साधारण सत्तर टक्के मतांनी गन शोमध्ये चेक सक्तीचा केला.

चेकवाल्या दुकानात पक्का गुन्हेगार फसेल की नाही ते सोडा. बिचकणारं माणूस मागे फिरतं, हेही काही कमी नाही.

चोपडेकर | रविवार, रात्री ८.३०

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. जळगाव, धुळे, पुणे, कुठेही गावठी कट्टे पकडल्याची बातमी आली की हे नाव येतंच. तिथे ना परवाना, ना दुकान. कायदा एवढा कडक असून काय उपयोग झाला?

कलम_बहाद्दर | रविवार, रात्री ९.४०

चोपडेकर, दोन्हीकडची गोष्ट वेगळी आहे. उमर्टीचा माल जन्मापासून बेकायदेशीर. अमेरिकेतली बंदूक जन्मते कायदेशीर, आणि वाटेत कुठल्या क्षणी बेकायदेशीर झाली ते कुणाला कळत नाही. तुमच्याकडे प्रश्न कारखाना शोधायचा आहे, इथे तो क्षण शोधायचा.

आणि खाजगी विक्री भारतातही होते बरं का. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे स्वतःच्या वापराचं परवान्याचं शस्त्र दुसऱ्या पात्र माणसाला विकता येतं. पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात, घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन, लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवाच. आमच्या मामांनी आजोबांची बारा बोअर अशीच विकली होती, चांगलं वर्ष गेलं त्यात.

जुना पापी | रविवार, रात्री ९.५२

वर्षभरात मामांचा राग शांत झाला असेल, तोच खरा वेटिंग पीरियड.

डेटाखोर | रविवार, रात्री १०.३०

विनोद म्हणून ठीक, पण खरंच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातल्या सुमारे २७ हजार आत्महत्या. रोख देऊन तासाभरात पिस्तूल घ्यायची घाई कुणाला असू शकते, याचा विचार करताना नेहमी दरोडेखोरच डोळ्यासमोर येतो. तसा तो येऊ नये.

कलम_बहाद्दर | सोमवार, सकाळी ७.१०

कॅटीकर, तुझ्या कामाचं एक सांगायचं राहिलं. उद्या ते पिस्तूल गुन्ह्यात सापडलं तर काय होतं ते बघ.

पोलीस पिस्तुलाचा क्रमांक एटीएफकडे, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याकडे पाठवतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला त्यांचं ट्रेसिंग सेंटर आहे. तिथे नाव टाकलं की माणूस सापडेल अशी यादी नाही, ती कायद्यानेच नाही. मग कारखान्याला विचारायचं, तो घाऊक व्यापाऱ्याचं नाव देतो, तो दुकानदाराचं, दुकानदार फॉर्म ४४७३ काढतो. त्यावर पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव. म्हणजे तुझं. तिथे साखळी संपते. डिटेक्टिव्ह तुला फोन करणार आणि तू म्हणणार, 'पार्किंगमध्ये एकाला विकलं, नाव बहुतेक श्रीनिवास'.

जुनी गाडी नावावरून न काढता विकल्यासारखं आहे हे, चलन तुझ्याच घरी येणार. कमीत कमी विक्रीपत्र कर, घेणाऱ्याचं टेक्सासचं लायसन्स बघ, क्रमांक लिहून ठेव.

आणि ओडेसाचं प्रकरण तुझ्याच राज्यातलं. ३१ ऑगस्ट २०१९, मिडलंड-ओडेसा रस्त्यावर एकाने गाडीतून गोळ्या झाडत सात जणांना मारलं. २०१४ मध्ये तो दुकानात गेला होता, चेकमध्ये नापास झाला, बंदूक मिळाली नाही. यंत्रणा चालली! दोन वर्षांनी लबकमधल्या एका खाजगी विक्रेत्याकडून त्याने एआर जातीची रायफल घेतली. चेक नाही. त्या विक्रेत्याला २०२१ मध्ये दोन वर्षांची कैद झाली, परवान्याशिवाय धंदा केल्याबद्दल. त्याने वर्षानुवर्षं अशा बंदुका विकल्या होत्या. त्याने एकच विकली असती आणि नेमकी हीच विकली असती, तर बहुधा काहीच झालं नसतं त्याला.

रानवारा | सोमवार, सकाळी ८.३५

लबकवाला धंदाच करत होता, त्याला आत टाकलं ते बरोबर. पण तो कायदा आधीपासून होता. २०१९ पर्यंत कुणी पकडलं नाही त्याला. आहेत ते कायदे राबवा, मग नवे आणा.

केळफूल | सोमवार, सकाळी ९.००

पकडणार कसं? नोंद नको, यादी नको, चेक नको. मग किती विकल्या हे मोजायचं कुणी, आणि कशावरून? कायदा राबवायची हत्यारं काढून घ्यायची आणि वर 'राबवत नाहीत' म्हणायचं.

रानवारा | सोमवार, सकाळी ९.४०

बरं, माझ्याकडून एक पाऊल. मला एनआयसीएस वापरू द्या. आज खाजगी माणसाला ती यंत्रणा वापरताच येत नाही, फक्त एफएफएलला येते. घेणाऱ्याने स्वतःच स्वतःचा चेक करावा, फोनवर 'पास' दाखवावा, आणि बंदुकीचा क्रमांक कुठेही नोंदला जाऊ नये. अनोळखी माणसाला विकताना मी ते आनंदाने करीन. २०१३ मध्ये ओक्लाहोमाचे सेनेटर टॉम कोबर्न असंच काहीतरी मांडत होते. ते रिपब्लिकन, बंदुकांच्या बाजूचे. दोन्ही बाजूंनी त्याला भाव दिला नाही.

डेटाखोर | सोमवार, सकाळी १०.०५

हो, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेनेटर मॅन्चिन आणि टूमी यांची दुरुस्ती सेनेटमध्ये पडली. सॅंडी हुक शाळेतल्या गोळीबारात २० मुलं जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. गन शो आणि जाहिरातींवरून होणाऱ्या विक्रीला चेक, नातेवाईक-मित्रांना सूट, नोंदवहीला बंदी, इतकी मवाळ. ५४ विरुद्ध ४६ मतं पडली, हवी होती ६०.

स्वाती_जर्सी | सोमवार, सकाळी १०.३०

रानवारांच्या फोनवाल्या कल्पनेला माझंही मत. नोंद नाही तर पुढचा ट्रेस तुटणार, हे मला खटकतं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

चोपडेकर | सोमवार, दुपारी १.००

एक शंका. कॅटीकरांनी स्वतः विकण्याऐवजी त्या हैदराबादच्या माणसाच्या ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावाने विकलं तर? आपल्याकडे जमिनीत चालतं तसं.

कलम_बहाद्दर | सोमवार, दुपारी १.४०

अजिबात नाही! २०२२ पासून मनाई असलेल्या माणसासाठी आडून खरेदी करणं हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे, १५ वर्षांपर्यंत कैद.

आणि अब्राम्स्की खटला वाचा. व्हर्जिनियातल्या माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. काका स्वतः घ्यायला पूर्ण पात्र. पुतण्याला सवलत मिळायची म्हणून त्याने घेतलं, नंतर पेनसिल्व्हेनियातल्या एफएफएलमार्फत, चेक करून, काकांच्या हवाली केलं. पण फॉर्मवर 'खरा खरेदीदार मीच' असं लिहिलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा कायम ठेवली. दोघंही पात्र असताना ही गत, मग तुमच्या बेनामीचं काय होईल ते समजून घ्या.

कॅटीकर | सोमवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. त्या माणसाला सरळ विचारलं, एच-वन-बी निघाला. शिकारीचा परवाना वगैरे नाही. त्याला स्वतःलाही ही मनाई माहीत नव्हती. 'दुकानात फॉर्म भरला असता तर कळलं असतं' म्हणाला. बाद.

ऑफिसातल्याच दुसऱ्या एकाला हवंय, इथेच जन्मलेला, शांत वाटतो. पण 'शांत वाटतो' यावर आता माझाच विश्वास नाही, म्हणून एफएफएलमार्फतच देईन. फी तीस-चाळीस डॉलर सांगतायत. तो कुरकुरला तर दुकानालाच विकतो, पैसे कमी मिळाले तरी चालतील. एफएफएलकडे नेमकं काय करावं लागतं?

कलम_बहाद्दर | सोमवार, रात्री १०.००

आधी फोन करून विचार, काही दुकानं खाजगी व्यवहार घेत नाहीत. पिस्तूल रिकामं करून पेटीत ने. गोळ्या वेगळ्या. घेणारा फॉर्म भरतो, दुकानदार चेक लावतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. त्याच्याकडे टेक्सासचा कॅरी परवाना (पिस्तूल सोबत बाळगण्याचा) असेल तर चेकऐवजी त्याच्यावरच काम भागतं.

एक खाच लक्षात ठेव. पिस्तूल दुकानात ठेवून तू निघून गेलास आणि तो चेकमध्ये नापास झाला, तर ते परत घेताना तुलाही फॉर्म भरून चेक द्यावा लागतो. स्वतःचंच पिस्तूल असलं तरी. म्हणून निकाल येईपर्यंत तिथून हलू नकोस, आणि शनिवारी दुपारी जाऊ नकोस, गर्दी असते.